जांभळाखालची जागा

मागच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या सावरीबांधच्या तलावावर, पाळीच्या तोंडाशी, एक निळी पाटी होती. 'सावरीबांध बीचचे जनक' असं लिहून खाली माझं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'यांच्याच प्रेरणेने तलावात मासे व पक्षी परतले.' लोक त्या पाटीपाशी उभे राहून फोटो काढायचे. या अंकाच्या संपादकांनीही ती पाटी पाहूनच मला पत्र धाडलं. चाळीस वर्षं पर्यटनाच्या धंद्यात काढलीत, चार गमती लिहा म्हणाले.

लिहितो. गमती पुष्कळ आहेत. पण आधी एक सांगून ठेवतो. पाटीवरची दुसरी ओळ धादांत खोटी होती. पहिली खरी होती, आणि तिचीच मला जास्त लाज वाटायची.

गोंदिया जिल्ह्यात बीच म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. समुद्र आमच्यापासून कुठल्याही बाजूला गेलं तरी रेल्वेचा लांबचा प्रवास. कोहमाऱ्याच्या चौफुलीवरून आत वळलं की धानाच्या बांध्यांमधून रस्ता येतो आणि अचानक समोर पाणीच पाणी. हा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला. आम्ही कोहळी. दोन टेकड्या दिसल्या की मधे मातीची पाळ घालून पाणी अडवायचं, ही आमच्या रक्तातली खोड.

पाळीला लागून माझं भोजनालय. सुरुवातीला चार बाकडी आणि एकच जेवण, मासोळीचा रस्सा आणि भात. मासोळी द्यायची यशोदाबाई. ती ढीवर समाजाची, नवरा गेल्यावर स्वतः जाळं टाकणारी. पाळीच्या तोंडाशी मोठं जांभळाचं झाड आहे, त्याच्याखाली तिची चूल. मासोळीला तांदळाचं पीठ आणि तिखट चोळून ती कढईत सोडायची. गाडीतून उतरलेल्या माणसाला पहिला वास त्या कढईचा यायचा, त्या वासानं भूक चाळवली की तो माझ्याकडे भाताला यायचा. धंद्याच्या भाषेत ती माझी जाहिरात होती, आणि फुकटची.

असल्या गावाचं अर्थकारण समजायला कॉलेजात जावं लागत नाही. रविवारी एक कुटुंब गाडीतून उतरतं. पोराला होडीत, आमच्या भाषेत डोंग्यात, बसायचं असतं, म्हणून होडीवाला शामराव पोट भरतो. आईला शिंगाडे घ्यायचे असतात, म्हणून शिंगाडेवाल्या दोघी बहिणी. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, म्हणून पत्रावळ्या लावणाऱ्या पाच-सहा घरच्या बाया. परत जाताना चाक पंक्चर होतं, कारण रस्ता आमचा आहे, म्हणून पंक्चरवाला. एवढी माणसं त्या एका गाडीकडे डोळे लावून बसलेली असतात. आणि गाडी आली नाही तर सगळे एकदम उपाशी. शेतात निदान एक पीक गेलं तर दुसरं असतं.

गाड्या यायच्या थंडीतले दोन-तीन महिने. बाकी वर्ष माश्या मारायच्या.

मग मुलीच्या सासरच्यांबरोबर मी कोकणात गेलो आणि पहिल्यांदा समुद्र पाहिला. खरं सांगतो, पाण्याकडे माझं लक्ष गेलंच नाही, पाणी मी जन्मभर पाहत आलो होतो. मी पाहत होतो रेतीवर बसलेली माणसं. काहीही न करता ती तासन् तास बसत होती, आणि बसल्या बसल्या खात होती. कणीस, भेळ, नारळपाणी. परतीच्या गाडीत मी बायकोला, कौतिकाला, म्हणालो, "आपल्याकडं पानी हाय, डोंगा हाय, मासोळी हाय. नाई ते फक्त रेती."

ती म्हणाली, "मंग आना रेती. तुमाले कोन अडवून राहिलं?"

कुणी अडवलं नाही. तलावाच्या पूर्वेकडचा काठ उथळ होता, चिखलाचा. तिथं देवधान उगवायचं, म्हणजे पाण्यातलं रानटी धान, ज्याचे तांदूळ आमच्या बाया उपवासाला खातात. कमळं होती, नाना तऱ्हेचं पाणगवत होतं. गिऱ्हाईक तिथं पाय ठेवत नसे. तो काठ खरवडून त्यावर रेती पसरायची, असं मी ठरवलं.

इथे मी जी चलाखी केली ती कोहळ्याच्या घरात जन्मलेल्यालाच सुचली असती. काठ साफ करतो असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, तलावाचा गाळ काढतो. आमच्याकडे गाळ काढणं हे पुण्याचं काम. देवळाच्या जीर्णोद्धाराला माणूस एकवेळ नाही म्हणेल, गाळाला म्हणणार नाही. नारळ फुटला. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसानं पहिली टोपली डोक्यावर घेतली. अख्खं गाव श्रमदानाला उतरलं, आणि कुणाच्या मनात शंका आली नाही. माझा आजा सांगायचा, "गाळ पोटातून काढायचा, काठाले हात नाई लावायचा." ते वाक्य मला त्या दिवशी पाठ होतं. मी ते कुणाला ऐकवलं नाही.

एकटी यशोदाबाई आडवी आली. टोपली पालथी घालून काठावर बसली.

"भाऊ, हे काय करून राहिले? पानी चढलं का मासोळी इथं येते. गवतात अंडी घालते. बाळंतपनाले माहेरी यावं तशी. तुमी तिचं माहेर खोदून राहिले."

मी म्हणालो, "मासोळीले काय, दुसरं माहेर भेटंल."

लोक हसले. ट्रॅक्टर पुढे गेला.

रेती कुठून आली हे विचारू नका, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. पण बीच झाला, आणि असा चालला की विचारता सोय नाही. कुडव्याहून दुचाक्यांच्या रांगा. गोंदियाची मारवाडी, सिंधी कुटुंबं डबे घेऊन यायची आणि डबे न उघडता माझ्याकडे जेवायची. एकानं घोडा आणला, एकानं हंसाच्या आकाराच्या होड्या. एक शेठ अर्धी चड्डी आणि गळ्यात टॉवेल अशा थाटात आले, कंबरेवर हात ठेवून तासभर पाण्याकडे पाहत राहिले आणि शामरावला म्हणाले, "क्यों भैया, लहर कितने बजे आती है?"

शामराव होडी बांधता बांधता म्हणाला, "सेठजी, संडे को छुट्टी रहती है."

शेठ पुढच्या सोमवारी आले. शप्पथ.

आता जे सांगायचं ते सांगतो. बीचच्या पहिल्याच पावसाळ्यात, तलाव भरला तशी मासोळी काठाला आली. सवयीनं आली. गवत नव्हतं, रेती होती. दोन-तीन दिवसांनी पाणी वीतभर उतरलं आणि सकाळी मी काठावर गेलो तर रेतीवर लांबच लांब पांढरा पट्टा. मला वाटलं कुणी साबुदाणा सांडला. खाली वाकलो. अंडी होती, उन्हानं वाळत चाललेली. त्या दिवशी रविवार. दहा वाजता गाड्या येणार, वास सुटणार. मी फावडा आणला आणि सगळा पट्टा रेतीखाली ओढला. तो पावसाळा संपेपर्यंत असं चार-पाच वेळा केलं. पुढच्या पावसाळ्यात दोनदाच करावं लागलं. तिसऱ्या पावसाळ्यात लागलंच नाही. हे जगात फक्त मला माहीत आहे, असं मी धरून चाललो.

जाळी रिकामी येऊ लागली. बगळे, बदकं उठून गेली. ढिवरांनी ग्रामसभेत विचारलं, मासोळी गेली कुठं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तोवर मी मोठा माणूस झालो होतो. पर्यटन समितीचा अध्यक्ष. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बारीक जाळी. हे लोक पिल्लंही सोडत नाईत. यशोदाबाईची जाळी पाहा."

तिची जाळी बारीक नव्हती. मी वीस वर्षं ती पाहत आलो होतो. पण कुणी उठून पाहायला गेलं नाही. ठराव झाला. ढिवरांची मासेमारी दोन वर्षं बंद, आणि जांभळाखालची चूल उठवायची, तिथं पर्यटकांसाठी 'सोय' करायची. यशोदाबाई सभेतून उठली. माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि कढई डोक्यावर घेऊन गेली. नंतर कळलं, कोहमाऱ्याला एका धाब्यावर ट्रकवाल्यांसाठी ती मासे तळते. जांभळाखाली झालेली सोय म्हणजे माझ्या भोजनालयाचा नवा काउंटर.

भोजनालय तर मासोळीचं, आणि तलावात मासोळी नाही. मग मी तेच केलं जे सगळे करतात. आंध्रातून बर्फात भरून येणारी मासोळी कोहमाऱ्याला ट्रकमधून उतरवून घ्यायची. गिऱ्हाईक विचारी, "मासे कुठले?" मी म्हणे, "इथलेच. सकाळीच काढले." किती वर्षं म्हणालो याचा हिशेब देव ठेवील.

ते उघडं पडलं बिरसीच्या एका पोरामुळे. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी मुलं सुटीच्या दिवशी मोटरसायकलींवर येतात, देशाच्या चारी कोपऱ्यांतली. त्यातल्या एकानं रश्शाचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी खूष. मग डोळे उघडून तो म्हणाला, "अंकल, ये तो मेरे गाँव की मछली है."

"नाही नाही, यहीं के तालाब की."

"अंकल, मेरे पिताजी का यही धंदा है. तालाब में पालते हैं, बर्फ लगाके भेजते हैं. बचपन से यही खाया. इसी से भागके इतनी दूर आया, और आपने फिर प्लेट में रख दी."

सगळी पोरं टेबलावर हात आपटून हसली. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. तो मुलगा भला होता, जाताना पाया पडून गेला. पण त्या दिवशी मी गल्ल्यामागे उभा राहू शकलो नाही. हात धुवायच्या निमित्तानं मागे गेलो तर कौतिका भांडी घासत होती. वर न पाहता म्हणाली, "पोरगा विमान चालवायला शिकून राहिला, तरी त्याले पान्याखालचं दिसलं. तुमाले काऊन नाई दिसत?"

पुढे गिऱ्हाईकही ओसरलं. नुसत्या रेतीवर माणूस किती वेळा बसणार? घोडेवाला गेला. हंसाच्या होड्यांचे रंग उडाले. शिंगाडेवाल्या बहिणींतली एक नागपूरला भांडी घासायला गेली.

आणि अशा वेळी यशोदाबाई परत आली. एकटी नाही, बचत गटाच्या अकरा बाया घेऊन. ग्रामसभेत उभी राहून म्हणाली, "पूर्वेचा कोपरा द्या, जिथं तुमचे लोक बसत नाईत तो. गवत लावतो आमी."

"तलावात गवत?" कुणीतरी म्हणालं. "कोनी बाई तलावात निंदन करते, ही रोवनं करून राहिली!"

मी हो म्हणालो. खरं सांगतो, चांगुलपणानं नाही. तो कोपरा कुणाला नको होता म्हणून.

त्यांनी भर उन्हाळ्यात काम केलं. आधी रेती उपसली आणि खालची माती उघडी केली. शेजारच्या गावांच्या तलावांतून कंद, मुळ्या, देवधानाची रोपं डोक्यावरून आणली. कुठलं गवत किती पाण्यात लावायचं हे यशोदाबाई पायानं पाहायची. घोट्याएवढ्या पाण्यात हे, गुडघ्याएवढ्यात ते. मी काउंटरवरून बघत होतो. रोवणी करतात तशी बायांची ओळ, गाणी म्हणत, मागे मागे सरकत. आजा असता तर त्या ओळीत उतरला असता, आणि मला काउंटरवरून कान धरून उठवला असता.

पहिल्या पावसाळ्यात विशेष काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी शामराव ओरडत पाळीवरून पळत आला. "चाला! चाला लवकर!" त्या कोपऱ्यात पाणी नुसतं उकळल्यासारखं हलत होतं. गवताच्या काड्या थरथरत होत्या. मासोळी आली होती. बाया पाळीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, एक म्हातारी रडत होती, आणि यशोदाबाई सगळ्यांना दटावत होती, "चूप बसा वो! बाळंतिनीपाशी बोंबलते का कोनी?"

त्यानंतर तिनं अर्धा बीच मागितला, तो मिळाला. मासे आले, मग पक्षी आले, मग पक्षी बघणारी माणसं आली. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली ही माणसं शांत असतात, पहाटे येतात, दोन दिवस राहतात, घरचं जेवण मागतात आणि लाटेची वेळ विचारत नाहीत. उरलेल्या अर्ध्या रेतीवर गोंदियाची कुटुंबं पूर्वीसारखी बसतात. आता वर्षातले आठ महिने गावात कुणीतरी उतरलेलं असतं. नागपूरला गेलेली शिंगाडेवाली परत आली, तिच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांच्या आहेत. शामरावची सून पक्षी दाखवते, इंग्रजी नावांसकट. जाळी भरलेली येतात. अशी भरभराट मी बीचच्या ऐन दिवसांतही पाहिली नव्हती.

आणि पाटी लागली माझ्या नावाची. वर्तमानपत्रवाले आले तेव्हा अध्यक्ष म्हणून मीच पुढे होतो. बाया चिखलात होत्या. पाटीचं उद्घाटन झालं, मी हार घालून घेतला. यशोदाबाई मागे उभी होती. तिची चूल अजून कोहमाऱ्यालाच होती. जांभळाखाली माझा काउंटर.

सात वर्षं तो हार माझ्या गळ्यात होता. मागच्या उन्हाळ्यात संपादकांचं पत्र आलं. लिहायला बसलो तर 'मासोळी परत आली' या वाक्यापुढे पेन जाईना. कौतिका म्हणाली, "कागदावर मंग लिहा. आधी जिथं खोटं बोलले तिथं जाऊन खरं बोला."

ग्रामसभेत मी उभा राहिलो. ज्या जागी उभा राहून जाळीचं बोललो होतो, साधारण तिथंच. गाळाचं नाव करून काठ खोदला, हे सांगितलं. आज्याचं वाक्य सांगितलं. साबुदाण्याचं सांगितलं, फावड्याचं सांगितलं. जाळी बारीक नव्हती, असं म्हणालो, आणि पुन्हा म्हणालो.

मागून एक म्हातारा म्हणाला, "इतके वर्ष काऊन चूप राहिले जी?"

"भेत होतो."

"कोनाले?"

मी यशोदाबाईकडे पाहिलं. ती उठली. म्हणाली, "मले मालूम होतं."

सगळे वळले.

"पहिल्याच साली मालूम झालं. फावडा तलावात धुतला होता यायनं. दांड्याले अंडी चिकटून होती. मी रेती उकरून पाहिली."

"मंग बोलली काऊन नाई?" सरपंचबाईंनी विचारलं.

"कोनाले सांगू? सभा त्यायची, ठराव त्यायचा. म्या म्हटलं, बोलून मासोळी परत येत नाई. गवतानं येते."

सरपंचबाई म्हणाल्या, पाटी बदलू, यशोदाबाईंचं नाव घालू. सभेनं टाळ्या वाजवल्या. यशोदाबाईनं हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"पाटीवर मासे तळता येत नाईत. माही जागा द्या. जांभळाखालची."

ठरावाची वाट मी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शामरावला घेऊन काउंटर उपसला. सिमेंटचा ओटा होता, घणानं फोडावा लागला. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, पाचव्या घावाला दम लागला, पण शामरावच्या हातात घण दिला नाही. दुपारी यशोदाबाई कढई घेऊन आली. तीच कढई. तीन दगड मांडले, झाडाकडे वर पाहिलं आणि म्हणाली, "जांभूळ वाढला नाई. तुमी पानी देत नव्हते का?"

"नाई."

"वाटलंच."

पाटी काढली. तिचा निळा पत्रा उलटा करून यशोदाबाईनं चुलीला वाऱ्याचा आडोसा केला आहे. अक्षरं आतल्या बाजूला, धुरानं काळी झालेली.

माझं भोजनालय आता मुलगा पाहतो. मी जांभळाखालच्या बाकड्यावर बसतो. परवा रविवारी गोंदियाची एक मोठी मंडळी उतरली, आजीपासून नातवापर्यंत. कढईतल्या मासोळीकडे बोट दाखवून आजीबाईंनी विचारलं, "मछली कहाँ की है, बाई?"

यशोदाबाईनं झारा माझ्याकडे रोखला. "उनको पूछो. उनको सब मालूम है."

सगळी मंडळी माझ्याकडे वळली. मी उठलो, काठी घेतली आणि त्यांना पूर्वेच्या कोपऱ्यावर नेलं. देवधान वाऱ्यावर हलत होतं आणि बुडाशी, काड्यांच्या मधून, पिल्लांचा थवा चमकत वळत होता.

"यहीं की," मी म्हणालो. मग पाळीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणालो, "इथलीच!"